स्वयंपाकघरातून पायवाट

मंगळवारी सकाळी साडेआठच्या सुमारास काकू गॅसवरच्या दुधाकडे डोळे लावून उभ्या होत्या. तेवढ्यात पाठीवर भलंमोठं खोकं घेतलेला एक अनोळखी माणूस पुढच्या दाराने आत आला, बैठकीच्या खोलीतून बोळात आणि बोळातून स्वयंपाकघरात शिरला, "मावशी, जरा सरकता का," म्हणाला, आणि मागच्या दाराने अंगणात उतरून फाटकातून निघून गेला. त्याची नजर शेवटपर्यंत हातातल्या मोबाइलवर होती. काकू सरकल्या. मीटर बघायला आला असेल, असं त्यांना वाटलं. मीटर घराच्या पुढच्या बाजूला आहे हे लक्षात येईपर्यंत दूध उतू गेलं होतं.

साडेनऊपर्यंत आणखी चौघं गेले. त्यांतल्या दोघी मागच्या रस्त्यावरच्या दवाखान्यातल्या नर्स होत्या आणि तिसऱ्या नर्सच्या रजेबद्दल तावातावाने बोलत चालल्या होत्या. एकाने मात्र दारातल्या पायपुसण्याला नीट पाय पुसले, ते काकूंनी पुढे कायम त्याच्या बाजूने लक्षात ठेवलं.

काका तेव्हा घरात नव्हते. ते वाचनालयाच्या मागच्या पायऱ्या मोजायला गेले होते. हे ऐकून कुणाला नवल वाटत असेल तर त्याने काकांना पाहिलेलं नाही. पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढून ते निवृत्त झाले होते, आणि गल्लीत त्यांना फूटपट्टीकाका म्हणत. निवृत्तीनंतर माणसं देवाच्या नाहीतर शेअरबाजाराच्या नादी लागतात. काका मोबाइलवरच्या एका नकाशाच्या नादी लागले, आणि तिथेही त्यांनी फूटपट्टीकाका हेच नाव घेतलं. हा नकाशा कुठली कंपनी करत नसे. जगभरचे हौशी लोक आपापल्या भागातले रस्ते, बाक, नळ, दिव्यांचे खांब फुकट नोंदवत आणि एकमेकांच्या नोंदी तपासत. प्रत्येक सदस्याच्या नावापुढे दोन रकाने असत, एक नोंदींचा आणि एक चुकांचा. अकरा वर्षांनंतर काकांच्या पहिल्या रकान्यात चार हजार एकशे बारा होते आणि दुसऱ्यात शून्य.

देशभरात असे शून्यवाले तिघंच होते. त्यांना 'अचूक' असा वेगळा दर्जा होता. त्यांतला एक, 'होकायंत्र' या टोपणनावाचा, कुठल्याशा दूरच्या शहरात राहत असे आणि सगळ्या पडताळणीचा प्रमुख होता. काकांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण नोकरीत एकाही साहेबाबद्दल वाटला नाही असा आदर त्यांना त्याच्याबद्दल वाटे. काकांचं शून्य काकूंच्या माहेरच्या माणसांनाही तोंडपाठ होतं, कारण जावई भेटला की ते ऐकावंच लागे.

काकांचं एक तत्त्व होतं. स्वतःच्या घराची नोंद स्वतः करायची नाही, ते बरं दिसत नाही. त्यामुळे त्या भागातलं कोपऱ्यावरचं टपालाचं डबडंसुद्धा नकाशात होतं, काकांच्या घराच्या जागी मात्र पांढराफटक मोकळा प्लॉट होता. पुढच्या रस्त्यापासून मागच्या रस्त्यापर्यंत, दोन्हीकडे फाटक असलेला.

त्यात डॉक्टरांनी काकांना रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं होतं. बाहेरचे रस्ते खडबडीत आहेत, हे काकांनी स्वतःच नकाशात नोंदवलेलं असल्यामुळे ते घरातच चालत. पुढचं फाटक, बैठकीची खोली, बोळ, स्वयंपाकघर, अंगण, मागचं फाटक, की माघारी. एक फेरी एकतीस मीटरची, दिवसाला ऐंशी फेऱ्या. खिशात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये सकाळच्या पाहणीसाठी लावलेलं, चाललेली वाट टिपणारं यंत्र, जे काका बंद करायला विसरले ते अठरा दिवस विसरले.

टिपलेल्या वाटा आपोआप सगळ्यांच्या सामाईक साठ्यात जात. तिकडे होकायंत्राला दिसलं, की दोन रस्त्यांच्या मधल्या एका मोकळ्या प्लॉटवरून रेषांचा जाडजूड जुडगा गेला आहे. छपराखाली मोबाइलचा नेम जरा चुकतो, त्यामुळे रेषा इकडेतिकडे सरकून जुडगा चांगला तीन मीटर रुंद झाला होता. त्याने तिथे तीन मीटर रुंदीची पायवाट आखली आणि नियमाप्रमाणे जवळच्या सर्वांत भरवशाच्या सदस्याला विचारलं, की ही पायवाट खरी आहे का. हा सदस्य तेव्हा जेवत होता. त्याने डाव्या हाताने पुरावा उघडला. अठरा दिवस, चौदाशे चाळीस फेऱ्या, आणि सगळ्या एकाच माणसाने टिपलेल्या. तो माणूस म्हणजे आपणच, हे पाहिल्यावर काकांना पुढे काही तपासावंसंच वाटलं नाही. जगात त्यांचा ज्याच्यावर पुरता विश्वास होता असा तो एकच माणूस होता. त्यांनी 'बरोबर'वर बोट ठेवलं आणि ताटाकडे वळले.

तर वाचनालयाच्या सात पायऱ्या मोजून काका घरी आले, तेव्हा काकू दारात उभ्या होत्या.

"अहो, आपल्या घरातून लोक जाताहेत."

"कुठे?"

"मागच्या रस्त्याला."

दार उघडं दिसलं म्हणून कुणी आलं असेल, असं काका म्हणत होते तोच खांद्यावर सायकल घेतलेला एक गृहस्थ पायरी चढून आला आणि बस-थांब्याकडे जाणारी पायवाट हीच ना, असं त्याने विचारलं. पुरावा म्हणून त्याने मोबाइल पुढे केला. काकांनी चष्मा लावला. आखणाऱ्याचं नाव बघितलं, खाली 'बरोबर' म्हणणाऱ्याचं नाव बघितलं, आणि ते खुर्चीत बसले. सायकलवाला त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून गेला.

लोकांचंही खोटं म्हणता येत नव्हतं. ती घरांची रांग लांबलचक होती. दवाखाना आणि बस-थांबा मागच्या रस्त्यावर, आणि तिथे वळसा घालून जायचं तर नऊशे मीटर. काकूंच्या स्वयंपाकघरातून एकतीस.

काकूंना सगळं समजायला दोन मिनिटं लागली. मग त्या म्हणाल्या, "पुसून टाका."

सात दिवसांच्या आत 'माझी चूक' असं लिहून दिलं तर पुसता येतं, असं काकांनी सांगितलं. पण आवाज खाली गेला होता.

"मग द्या की लिहून."

"तिकडे एक लागेल."

"कुठे एक लागेल?"

"चुकांच्या रकान्यात."

काकूंनी नवऱ्याकडे निरखून पाहिलं. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी या माणसाचा चेहरा दोनदाच इतका पडलेला पाहिला होता, आणि त्या दोन्ही वेळा घरात कुणीतरी गेलेलं होतं. एखादा दिवस बघू, असं म्हणून त्या आत गेल्या. तिथेच त्यांचं चुकलं.

शून्याला धक्का न लावता पायवाट कशी घालवायची, याच्या मागे काका हात धुऊन लागले. आधी दोन्ही दारांना कड्या घातल्या. मग दर चार मिनिटांनी घंटा वाजू लागली. रस्ता का अडवला म्हणून लोक बाहेरून विचारत, आणि काही जण तर तावातावाने. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला दूध घ्यायला काकूंनी दार जरासं उघडलं, आणि त्याच क्षणी हाफपँट घातलेली अकरा माणसं धापा टाकत आत घुसली, ओळीने स्वयंपाकघरातून धावत गेली आणि मागच्या फाटकातून दिसेनाशी झाली. तो त्या भागातला पळण्याचा गट होता. त्यांची म्होरकी, बँकेतली एक कॅशियर बाई, संध्याकाळी मुद्दाम परत आली. आमच्यातला एक जण उंबऱ्याला अडखळला, उंबऱ्यावर पांढरा पट्टा मारता आला तर बरं, असं तिने सुचवलं. काकूंनी तिला आत बोलावून काय ते स्पष्टच सांगितलं. बाई समंजस होती, ती ओशाळली, आणि दोघींचं चांगलंच जमलं. पण पायवाट होती तिथेच राहिली.

मग काकांनी काकूंना त्या नकाशाचं सदस्य करून घेतलं. काका स्वतःच्या घराची नोंद करणार नव्हते, पण काकूंना कसली आडकाठी नव्हती. काकूंनी मोकळ्या प्लॉटवर चौकोन काढला आणि 'घर' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: नवीन सदस्य, आधीच्या नोंदी एकही नाही. ज्या जागेवरून रोज दीडशे लोक चालत जातात तिथे घर असणं संभवत नाही. नोंद नामंजूर. सही, होकायंत्र.

"चौतीस वर्षं मी हे घर झाडतेय," काकू म्हणाल्या. "तो तिकडे बसून मला सांगतो, घरच नाही म्हणून."

"त्याच्या जागी मी असतो तर मीसुद्धा हेच केलं असतं," काका म्हणाले. त्या दुपारी त्यांना चहा मिळाला नाही.

सातव्या दिवशी संध्याकाळी 'माझी चूक'वर अंगठा नेऊन ते बराच वेळ बसले. शून्य तिथे गोल, स्वच्छ, डाग नसलेलं दिसत होतं. अंगठा त्यांनी मागे घेतला. उद्या सकाळी काहीतरी सुचेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. सकाळी सुचलं काहीच नाही, पण मोबाइलवर एक ओळ मात्र आली होती. मुदत संपली, ही नोंद आता अचूक सदस्याची पक्की नोंद झाली असून ती कुणालाही पुसता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात महापालिकेच्या रस्ते विभागाचा निरीक्षक आला. मवाळ बोलणारा तरुण माणूस, एका हातात फाइल आणि दुसऱ्यात लाल रंगाचा डबा. खात्याचे जुने नकाशे कालबाह्य झाल्यामुळे आता हाच नकाशा प्रमाण धरतात, असं त्याने सांगितलं. पायवाटेवर अडथळा असल्याच्या त्रेसष्ट तक्रारी होत्या. अडथळा कसला ते त्याने वाचून दाखवलं: एक दार, एक शोकेस, एक फ्रिज आणि एक ओटा.

"अहो, हे घर आहे," काका म्हणाले.

"मला दिसतंय, काका. पण मी बघून लिहायचं नसतं. नकाशात असेल ते लिहायचं असतं."

त्याने टेप लावला. पायवाट तीन मीटरची, आणि ओट्यासमोर मोकळी जागा जेमतेम नव्वद सेंटिमीटर. माफी मागत मागत त्याने लाल रेघ ओढली. रेघ शोकेसच्या काचेवरून निघाली, फ्रिजच्या मधोमध गेली आणि ओट्यावर चढून शेगडीच्या दोन बर्नरांच्या मधून पार झाली. सोमवारी सकाळी माणसं पाठवतो, त्याआधी भांडीकुंडी काढून ठेवा, असं त्याने सांगितलं. जाताना तो दारात थांबला.

"तुम्हीच ते फूटपट्टीकाका ना? 'बरोबर' तुम्ही म्हटलंय, म्हणून तर आमच्याकडे एका दिवसात मंजूर झालं. नाहीतर वर्ष वर्ष लागतं."

तो गेल्यावर काकूंनी रेघेच्या डावीकडचा बर्नर लावला. त्या रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "सोमवारी या घरात एक तर माझा ओटा राहील, नाहीतर तुमचं शून्य. दोन्ही राहत असतील तर मी राहणार नाही."

काकूंनी धमक्या कधी दिल्या नव्हत्या, म्हणून ही धमकी नाही हे काकांना कळलं. ते लगेच मोबाइल घेऊन बसले आणि तीनदा खोडून चौथ्यांदा होकायंत्राला लिहिलं: ती पायवाट नाही. तो माझा व्यायाम आहे. मी न बघता 'बरोबर' म्हटलं. चूक सर्वस्वी माझी आहे, ती माझ्या रकान्यात लिहावी.

उत्तर तासाभरात आलं. होकायंत्राने फार आपुलकीने लिहिलं होतं. "आपण अकरा वर्षांत एकदाही चुकलेला नाहीत. आता आपण म्हणता की चुकलो. आपलं म्हणणं आणि आपली कारकीर्द यांत विसंगती आहे. अशा वेळी आम्ही कारकिर्दीवर विश्वास ठेवतो. आपण थकला असाल, विश्रांती घ्या. नियमाप्रमाणे दुसऱ्या सदस्यांनी आपली एखादी तरी नोंद चुकीची सिद्ध केली तर आपला दर्जा जाईल आणि आपल्या पक्क्या नोंदी पुसायला मोकळ्या होतील. पण तसं होण्याची आम्हाला काळजी वाटत नाही."

म्हणजे खरं बोलून भागत नव्हतं. तेव्हा काकांनी आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहायचं ठरवलं. यात त्यांची अख्खी दुपार गेली. नसलेली वस्तू कुठे नसावी, हेच ठरेना. शेवटी औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर त्यांनी पिण्याच्या पाण्याचा नळ नोंदवला, कारण तिथे सावली होती आणि नळ असायला हवा होता. उंची नव्वद सेंटिमीटर लिहिली. खोटा झाला म्हणून नळ गैरसोयीचा असावा, हे त्यांना पटेना. आता कुणीतरी तिथे जाईल, नळ दिसणार नाही, आणि तक्रार होईल, एवढंच बाकी होतं.

तक्रार झाली, ती पाणीपुरवठा खात्याकडे. फूटपट्टीकाकांच्या नोंदीप्रमाणे इथे नळ आहे आणि प्रत्यक्षात नाही, तेव्हा नळ चोरीला गेला असला पाहिजे, असं खात्याने ताडलं. गुरुवारी सकाळी प्लंबर आला आणि दुपारपर्यंत नळ बसला, बरोबर नव्वद सेंटिमीटरवर. संध्याकाळी नऊ जणांनी पाणी पिऊन नोंद बरोबर असल्याचं कळवलं. चार हजार एकशे तेरा, शून्य.

काकांनी त्याच संध्याकाळी शाळेसमोर एक नसलेला गतिरोधक लिहिला. शाळेच्या मुख्याध्यापिका तीन वर्षं त्याच गतिरोधकासाठी अर्ज करत होत्या. नकाशात तो आहे असं दिसताच त्या नकाशा घेऊन थेट साहेबाच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि शुक्रवारी दुपारी तो रस्त्यावरही झाला. चार हजार एकशे चौदा, शून्य. काकांनी कपाळाला हात लावला.

"आता आपल्या स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे असं लिहा," काकू म्हणाल्या.

पण सोमवारची वाट बघत बसणाऱ्यांतल्या काकू नव्हत्या. त्या बुधवारपासूनच बाहेर पडू लागल्या होत्या. चार हजार नोंदी आहेत म्हणजे एखादी तरी चुकलेली असणारच, असा त्यांचा हिशेब होता, आणि चौतीस वर्षांच्या अनुभवावर तो त्यांनी मांडला होता. नवऱ्याचा स्टीलचा टेप पर्समध्ये, सोबतीला बँकेतून सुटल्यावर आलेली कॅशियर बाई, आणि मोबाइलवर नोंदींची यादी. त्या खांब मोजत, बाकांची लांबी घेत, नळांखाली टेप धरत. चुकीची नोंद दुसऱ्यांनीच पकडायला हवी होती, त्यामुळे काकांना सोबत जायला बंदी होती. ते घरात भांडी खोक्यात भरत बसत आणि फाटक वाजलं की बाहेर येत.

"तेवीस दिवे," पहिल्या दिवशी काकू तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. "तेवीसच्या तेवीस आहेत."

काकांना आनंद झाला, आणि झालेला आनंद लपवणं फार अवघड गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून सुचवलं, की वाचनालयामागच्या पायऱ्या मोजायला गेलो त्या दिवशी जरा घाई होती, तिथे बघ. शुक्रवारी काकू परत आल्या. चप्पल काढली, ओट्याशी गेल्या, रेघेच्या अलीकडे चहा ठेवला, आणि काकांसमोर कप ठेवताना नेहमीची दोन सोडून चार बिस्किटं बशीत घातली.

"पायऱ्या सात आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही सात लिहिल्यात. तिसरी पुढच्या कोपऱ्यात फुटली आहे, म्हाताऱ्या माणसांनी डावीकडून चढावं, हेही लिहिलंय."

"फुटली आहे ना ती."

"इतकी वर्षं तुम्ही उन्हात जाऊन काय करता ते मी कधी बघितलंच नाही हो."

काकांनी एक बिस्किट चहात बुडवलं. त्यांना हे शून्य असंच कुणीतरी बघायला हवं होतं, आणि नेमकं ते सापडू नये अशी वेळ आली होती. शनिवारी फ्रिज रिकामा झाला, शोकेस भिंतीला लावून ठेवलं, आणि एकही चूक सापडली नाही.

रविवारी भल्या सकाळी काकू कॅशियर बाईकडे जाऊन येते म्हणून निघाल्या आणि दहाला आल्या. बाराच्या सुमारास काकांचा मोबाइल वाजला. नोंद क्रमांक दोन हजार शहात्तर, बागेतला उत्तरेकडचा लोखंडी बाक. प्रत्यक्ष जागा नोंदलेल्या जागेपासून सुमारे सहा मीटर दूर. बारा सदस्यांनी जागेवर जाऊन खात्री केली आहे. त्याखाली त्यांचे दोन रकाने होते. चार हजार एकशे चौदा. एक.

तो एक काका कितीतरी वेळ बघत राहिले. घर वाचलं, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी यादी उघडून बाकाची नोंद पुन्हा वाचली. सहा मीटर म्हणजे थोडंथोडकं नव्हे. पाऊण तासात पायवाट पुसली गेली. ती होकायंत्राने स्वतःच पुसली, आणि खाली एका ओळीत लिहिलं, की आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती.

सोमवारी निरीक्षक आला तो हातोडेवाल्यांना न घेता, रंग घालवायच्या औषधाची बाटली घेऊन. गुडघ्यांवर बसून त्याने फ्रिजवरची, ओट्यावरची रेघ स्वतः पुसून काढली आणि काकूंची चार वेळा क्षमा मागितली. नकाशात आता मोकळा प्लॉट आहे, त्यामुळे खात्याचं काही म्हणणं नाही, असं तो म्हणाला. काकूंनी त्याला चहा दिला. भांडी परत मांडून झाल्यावर काकांनी टोपी घातली आणि कोनाड्यातला टेप घेतला.

"कशाला उन्हात जाता," काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"बघून येतो. चुकलो कुठे ते कळायला हवं."

बाक झाडाच्या सावलीत होता. काकांना आठवत होता तो उन्हात, हौदाकडे तोंड केलेला. अकरा वर्षांत माणसाची आठवण कशी दगा देते, असं मनाशी म्हणत त्यांनी मोबाइल काढला आणि नोंदलेल्या जागेवर जाऊन उभे राहिले. मग त्यांनी खाली पाहिलं.

गवतात चार चौकोनी खळगे होते. आतली माती ओलसर होती आणि तिथलं गवत वर्षानुवर्षं दबून पिवळं पडलेलं होतं. खळग्यांपासून झाडाकडे पळायच्या बुटांचे ठसे गेले होते, दोन ओळींत, खोल उमटलेले, एखादी जड वस्तू उचलून नेताना उमटतात तसे. काकांनी ते मोजले नाहीत. किती माणसांचे असतील ते त्यांना न मोजता कळलं.

त्यांची नोंद चुकलेली नव्हती. सेंटिमीटरभरही नाही. एक फोटो काढायचा, 'बाक हलवलेला आहे' एवढं लिहायचं, आणि तासाभरात शून्य परत. त्यांचं मन आनंदाने इतकं भरून आलं की मोबाइल हातात कधी घेतला तेही त्यांना कळलं नाही. शून्य परत आलं की दर्जा परत येणार, आणि दर्जा आला की त्यांच्या सगळ्या पक्क्या नोंदी आपोआप परत येणार, एकूण एक. नियम त्यांना पाठ होते. ते तिथे उन्हात उभे राहिले. हौदावर पाणी भरायला आलेल्या माळ्याने, काही हरवलंय का काका, असं विचारलं. काका नाही म्हणाले.

मग त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. बुटाच्या टाचेने पहिल्या खळग्याची कड ढासळवली, माती आत लोटली, वरून तळव्याने दाबली. दुसरा, तिसरा, चौथा. आजूबाजूची वाळकी पानं गोळा करून वर पसरली आणि लांब जाऊन, डोकं वाकडं करून, बरोबर दिसतंय का ते पाहिलं. एक कोपरा नीट वाटला नाही, तो परत येऊन दाबला. मग ते झाडाखालच्या बाकावर जाऊन बसले. सावली खरोखरच चांगली होती.

घरी आले तेव्हा दोन्ही दारं सताड उघडी होती आणि घरातून कुणीही जात नव्हतं. काकू ओट्याशी कांदा चिरत होत्या. काकांनी टेप कोनाड्यात ठेवला आणि हात धुतले.

"बघितलंत?" काकूंनी विचारलं.

"बघितलं. माझीच चूक होती," काका म्हणाले. "सहा मीटरने चुकलो."

"साडेसहा," काकू कांद्यावरून मान वर न करता म्हणाल्या.